आइसलँडमध्ये स्वतः गाडी चालवत फोटोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडचं ठरवलेल्या मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आधी कागदपत्रं, मग गाडी आणि रस्ते, मग कॅमेरा आणि शेवटी अडचणीचे प्रसंग. बऱ्याच उत्तरांत एकच सल्ला पुन्हा भेटेल: रोजचं अंतर कमी ठेवा. या बेटावर चांगला फोटो मिळतो तो एका जागी तीन तास थांबणाऱ्याला.

पूर्ण रिंग रोड करायचा तर किती दिवस हवेत?

बेटाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा महामार्ग १,३०० किलोमीटरपेक्षा थोडा लांब आहे. नुसतं अंतर पाहिलं तर आठवड्यात आरामात होईल असं वाटतं, आणि तिथेच बेत फसतो. फोटोसाठी जाणार असाल तर उन्हाळ्यात किमान दहा-बारा दिवस हवेत. हातात पाच-सहा दिवसच असतील तर वळसा सोडून द्या आणि फक्त दक्षिण किनारा करा: सेल्यालंड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, व्हीक गाव, योकुल्सारलोन हे हिमखंडांचं सरोवर, जमलंच तर होप्नजवळचा व्हेस्ट्राहोर्न डोंगर, आणि त्याच रस्त्याने परत. सकाळी जाताना पाहिलेली जागा परतताना संध्याकाळच्या उजेडात वेगळीच दिसते, त्यामुळे एकाच रस्त्याने परतण्यात तोटा नाही. दोन दिवस जास्तीचे असतील तर स्नायफेल्सनेस द्वीपकल्प जोडा. किर्क्युफेलचा शंकूसारखा डोंगर आणि बूदिरचं काळं चर्च, दोन्ही तिथेच आहेत.

कोणत्या महिन्यात जावं?

काय टिपायचं आहे त्यावर हे ठरतं. जूनमध्ये रेक्याविकला पहाटे तीनच्या सुमारास सूर्य उगवतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पूर्ण अंधार होतच नाही, त्यामुळे उत्तरप्रकाश (रात्रीच्या आकाशात नाचणारे हिरवे पडदे, म्हणजे अरोरा) दिसत नाही. पण सूर्य तिरका उतरत असल्याने सोनेरी उजेड आपल्याकडे असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. रात्री दहा ते पहाटे चार फोटो काढायचे आणि दिवसा झोपायचं, असं वेळापत्रक जून-जुलैत उत्तम चालतं. शिवाय गर्दीही नसते. जूनमध्येच जांभळ्या ल्युपिनची कुरणं फुललेली असतात.

डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम चार तासांचा, साधारण सव्वाअकरा ते साडेतीन. सूर्य क्षितिजालगतच फिरतो, त्यामुळे तो सगळा वेळ मऊ, तिरका उजेड मिळतो. मात्र रस्त्यांवर बर्फ असतो आणि बेत केव्हाही कोलमडू शकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबर निवडावा असं माझं मत आहे. रात्री पुरेशा काळोख्या होतात, गवत आणि शेवाळ रंग बदलू लागतं, रस्ते बहुतेक मोकळे असतात. मेंढ्या डोंगरावरून खाली आणून मालकांप्रमाणे वेगळ्या करण्याचा ‘रेत्तिर’ नावाचा मोठा कार्यक्रमही याच महिन्यात गावोगावी होतो. माणसांचे फोटो काढायला आवडत असतील तर तो चुकवू नका.

व्हिसा कोणता लागतो?

शेंगेन. आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. भारतातून अर्ज व्हीएफएसच्या केंद्रात द्यायचा असतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा बंधनकारक आहे. भारतातून थेट विमान नाही. वाटेत फ्रँकफर्ट किंवा कोपनहेगनला विमान बदललं तर शेंगेनची तपासणी तिथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा. लंडनमार्गे जात असाल तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकीट काढायच्या आधी बघा.

आपलं लायसन्स तिथे चालतं का?

महाराष्ट्राचं लायसन्स रोमन लिपीत असतं, त्यामुळे बहुतेक भाड्याच्या कंपन्या ते स्वीकारतात. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो, आणि काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा ते बरं. मूळ लायसन्स सोबत हवंच. साध्या गाडीसाठी साधारण वीस वर्षं आणि फोर बाय फोरसाठी तेवीस वर्षं पूर्ण असावी लागतात, पण कंपनीनुसार यात फरक पडतो.

उजव्या बाजूने गाडी चालवणं जमेल का? तिथले नियम काय?

जमतं, पण ऑटोमॅटिक गाडी घ्या. स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला असतो. ही सवय वाऱ्यात आणि बर्फात करून घ्यायची नसते. पहिल्या दिवशी रात्रभराचा विमानप्रवास करून लगेच लांब निघू नका. विमानतळापासून रेक्याविक साधारण पन्नास किलोमीटरवर आहे, तेवढंच पुरे.

वेगमर्यादा गावात ५०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि डांबरी रस्त्यावर ९० किलोमीटर. हेडलाइट दिवसरात्र चालू ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. दोन गोष्टी आपल्याला नवीन असतात. पहिली, एका गाडीपुरते रुंद पूल. जो आधी पोहोचेल तो आधी जातो, पण समोरून मोठा ट्रक येत असेल तर मुकाट्याने थांबा. दुसरी, दोन लेनचं गोल चक्कर. तिथे आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्या गाडीला प्राधान्य असतं. तुम्ही बाहेरच्या लेनमध्ये असाल तर तिला वाट द्यायची.

डांबरी रस्ता संपून खडी सुरू होते तिथे पाटी असते. ती दिसली की वळणाच्या आधीच वेग उतरवा. परदेशी चालकांच्या गाड्या उलटण्याच्या जागा त्याच.

फोर बाय फोर घ्यायलाच हवी का?

उन्हाळ्यात फक्त रिंग रोड करणार असाल तर नाही. ज्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ असतो त्या डोंगराळ रस्त्यांवर जायचं असेल तर कायद्यानेच हवी. हे रस्ते साधारण जूनच्या मध्यानंतर एकेक करून उघडतात आणि सप्टेंबरपासून बंद होऊ लागतात. ठरलेली तारीख नसते, बर्फ वितळेल तसं ठरतं.

इथे एक मेख आहे. ३५ क्रमांकाच्या क्योलुर आणि ५५० क्रमांकाच्या काल्दिदालुर या रस्त्यांना ‘एफ’ नाही, तरी बऱ्याच कंपन्या साधी गाडी तिथे न्यायला मनाई करतात. करारात रस्त्यांची यादी असते, ती वाचा.

लँडमनालौगरचे रंगीत डोंगर पाहायचे असतील तर उत्तरेकडून येणारा एफ २०८ त्यातल्या त्यात सोपा. मोठी नदी ओलांडावी लागत नाही. कॅम्पच्या तोंडाशी पाणी वाहतं, पण त्याच्या अलीकडे गाडी लावून पुलावरून चालत जाता येतं. अलीकडे तिथे उन्हाळ्यात दिवसा गाडी लावायला आधी जागा आरक्षित करावी लागते. आणि फोर बाय फोर असली तरी रस्ता सोडून एक चाकही बाहेर घालायचं नाही. वाळूवर, शेवाळावर, कुठेच नाही. दंड जबर असतोच, पण शेवाळावर उठलेली चाकोरी भरून यायला कित्येक दशकं जातात. २०१९ मध्ये फ्यादरारग्ल्यूफुर ही घळ पर्यटकांनी तुडवलेलं शेवाळ वाचवण्यासाठी काही महिने बंद ठेवावी लागली होती.

भाड्याच्या गाडीचा कोणता विमा घ्यावा?

खडीने काच फुटण्याचा विमा सगळ्यांनी घ्यावा. दक्षिण किनाऱ्याला जाणाऱ्यांनी वाळू आणि राखेचाही घ्यावा, कारण व्हीकच्या पूर्वेचे काळ्या वाळूचे सपाट पट्टे वादळात गाडीचा रंग अक्षरशः खरवडून काढतात. नदी ओलांडताना इंजिनात गेलेलं पाणी बहुतेक कोणत्याच विम्यात येत नाही. वाऱ्याने उलटं फिरलेलं दारही सहसा येत नाही, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, छताचा आणि चाकांच्या रिमांचा व्हिडिओ काढून ठेवा.

वाऱ्याची एवढी भीती का घालतात?

कारण तो वारा आपल्या ओळखीचा नाही. तिथला अंदाज मीटर प्रति सेकंदात येतो. वीस हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर झाला. पंधराच्या पुढे कॅम्परव्हॅनसारखी उंच गाडी चालवणं धोक्याचं, वीसच्या पुढे मुक्कामाच्या ठिकाणीच थांबावं. डोंगराच्या पायथ्याशी झोत याहून कितीतरी जोराचे असतात.

गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून लावा. दार उघडताना एक हात हँडलवर, दुसरा दाराच्या कडेवर. एका वेळी एकच दार उघडायचं, आणि मागे बसलेल्यांना हे आधीच बजावून ठेवायचं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून तो जमिनीलगत ठेवा, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा काढून टाका. पट्टा फडफडला तरी फोटो हलतो.

हवामानासाठी ‘वेदुर’, रस्त्यांसाठी ‘उमफेर्दिन’ आणि सुरक्षेच्या सूचनांसाठी ‘सेफट्रॅव्हल’ ही संकेतस्थळं रोज सकाळी आणि निघण्याआधी पुन्हा एकदा पाहा. इशारे पिवळे, नारिंगी आणि लाल असतात. नारिंगी लागला की त्या दिवशीचा प्रवास रद्द. आपत्कालीन क्रमांक ११२.

वाटेत सुंदर दृश्य दिसलं तर रस्त्याच्या कडेला थांबायचं का?

नाही. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच पडतं. रिंग रोडला बहुतेक ठिकाणी कडेची पट्टीच नाही, आणि मागचा चालक नव्वदच्या वेगाने येत असतो. पुढे थांब्याची जागा किंवा शेताकडे जाणारा फाटा मिळेपर्यंत जायचं, तिथे वळवायचं आणि चालत मागे यायचं. शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका. चालवणारा आणि फोटो शोधणारा ही दोन माणसं वेगळी असली तर उत्तम. एकटे असाल तर आदल्या रात्री नकाशावर थांबे खुणावून ठेवा.

उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या चरत असतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की ते धावत येणार हे धरूनच चाला.

पेट्रोल आणि पैशांचं कसं?

बरेच पंप माणसाविना चालतात, म्हणून चार अंकी पिन असलेलं कार्ड हवंच. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. पूर्वेला आणि उत्तरेला टाकी अर्धी झाली की भरायची. बऱ्याच प्रसिद्ध जागी पार्किंगला पैसे पडतात. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे ॲपवर किंवा यंत्रात भरायचे असतात. विसरलात तर दंडासह रक्कम भाड्याच्या कंपनीमार्फत तुमच्या कार्डावर येते. आकुरेरीजवळच्या व्हाद्लाहेइदी बोगद्याचा टोलही असाच ऑनलाइन भरायचा असतो.

शाकाहारी माणसाचं भागतं का?

भागतं, फक्त हॉटेलांवर विसंबू नका. स्वयंपाकघर असलेली गेस्टहाउस घ्या आणि ‘बोनुस’ किंवा ‘क्रोनान’ या सुपरमार्केटांमधून भाज्या, ब्रेड, डाळी घ्या. मोठ्या गावातच आठवड्याचं सामान भरून ठेवा. थेपले, भाजणी, मेतकूट, पोह्यांचं तयार मिश्रण इथून न्यावं. दुधातुपाचे पदार्थ मात्र नेऊ नका, युरोपच्या सीमेवर त्यांना मनाई आहे. दह्यासारखं ‘स्कीर’ सगळीकडे मिळतं, पण ते पारंपरिक पद्धतीने रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं, दूध साकळवणारं द्रव्य) घालून करतात. काटेकोर शाकाहारी असाल तर डब्यावरचं लेबल वाचा. नळाचं गार पाणी बिनधास्त प्या. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, ते अंघोळीपुरतंच. त्यात चांदी काळी पडते, म्हणून अंगठ्या-पैंजण काढून ठेवा.

कोणत्या लेन्स न्याव्यात?

एक रुंद लेन्स, शक्यतो एफ २.८ची, आणि एक ७०-२०० किंवा १००-४००. लोक रुंद लेन्सच लावून फिरतात, पण या बेटाचे चांगले फोटो लांब लेन्समधून मिळतात: ढगातून डोकावणारी कडा, काळ्या वाळवंटातलं एकटं लाल छपराचं घर, हिमनदीच्या भेगा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आणि सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर पुरतात. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, जास्तीच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर आत बाष्प धरतं. हिवाळ्यात बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे लागतातच.

धबधब्यांजवळ लेन्स ओली होते, काय करावं?

स्कोगाफॉस साठ मीटर उंचीवरून सरळ कोसळतो आणि समोरच्या माणसाला काही मिनिटांत भिजवतो. लेन्सला टोपी लावूनच चालत जा. ट्रायपॉड उभा करा, फोकस आणि एक्स्पोजर ठरवा, मग टोपी काढा, काच पुसा आणि लगेच दोन-तीन फोटो घेऊन पुन्हा टोपी लावा. कापडं पाच-सहा हवीत, कारण एक ओलं झालं की ते नुसतं पाणी पसरवतं. ऊन पाठीशी असेल तर इंद्रधनुष्य हमखास मिळतं. सेल्यालंड्सफॉसच्या मागून चालत जाता येतं. तिथून मावळतीचा उजेड पाण्याच्या पडद्यातून टिपता येतो. हिवाळ्यात ती वाट बर्फाने बंद करतात.

काळ्या वाळूच्या किनाऱ्यांवर धोका आहे म्हणतात, तो कसला?

व्हीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर समुद्र शांत दिसत असतानाच एखादी लाट अचानक खूप वर येते आणि माणसाला ओढून नेते. पर्यटकांचे जीव गेले आहेत. प्रवेशाजवळ धोक्याचे दिवे आहेत, लाल असेल तेव्हा किनाऱ्यावर उतरायचं नाही. एरवीही समुद्राकडे पाठ करू नका आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना सोबतच्याला लाटांवर लक्ष ठेवायला सांगा. मागचे बेसॉल्टचे (थंड झालेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचे) स्तंभ आपल्या ओळखीचे वाटतील. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा खडक असाच थंड होताना स्तंभांत तडकलेला आहे, फक्त तो कोट्यवधी वर्षं जुना.

योकुल्सारलोनमधून वाहत आलेले हिमखंड समोरच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. तिथे लाट परतताना अर्धा ते एक सेकंदाचं एक्स्पोजर ठेवा, बर्फाभोवती पाण्याच्या पांढऱ्या रेघा येतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत खोल दाबा, दर लाटेला ते आणखी खचतात. किती बर्फ असेल हे भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर आहे. एखाद्या दिवशी एकही तुकडा नसतो. म्हणून या भागात दोन रात्री ठेवा.

उत्तरप्रकाश दिसण्याची खात्री आहे का?

खात्री कुणीच देऊ शकत नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शक्यता असते. लोक उत्तरप्रकाशाच्या जोराचा अंदाज सांगणारा आकडा पाहत बसतात, खरं तर ढगांचा नकाशा जास्त महत्त्वाचा. आकडा कमी असला तरी आकाश निरभ्र असेल तर बाहेर पडा. एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, मॅन्युअल फोकस ताऱ्यावर. प्रकाश मंद असेल तर दहा-पंधरा सेकंद, जोरात नाचू लागला की दोन ते पाच. नाहीतर पडद्याच्या घड्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा धुरकटपणा उरतो. रात्री बर्फावर गाडी घेऊन प्रकाशामागे धावू नका. काळोखातलं मुक्कामाचं ठिकाण घेतलंत तर दाराबाहेरूनच काम होतं.

पफिन कुठे आणि कधी दिसतात?

साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पूर्वेच्या बोर्गारफ्योर्दुर एस्त्रीजवळ हाफनारहोल्मी इथे लाकडी मार्गिकेवरून ते अगदी काही पावलांवर दिसतात. पश्चिमेचा लात्राब्यार्गचा कडा भव्य आहे, पण काठ पोखरलेला असतो. पोटावर झोपूनच फोटो घ्या. संध्याकाळी पक्षी समुद्रावरून परततात, तीच वेळ साधा.

ड्रोन नेऊ का?

नेता येतो, उंचीची मर्यादा १२० मीटर आणि नोंदणीचे नियम पाळून. पण थिंगव्हेत्लिर आणि व्हात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय उडवू नका. योकुल्सारलोनही या दुसऱ्या उद्यानातच येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विणीच्या हंगामात पक्ष्यांच्या कड्यांजवळ तर नाहीच. व्हेस्ट्राहोर्नसमोरचं स्टोक्सनेस खाजगी जमीन आहे. तिथे प्रवेशाचेही पैसे द्यावे लागतात, ड्रोनचं मालकांना विचारा.

स्टुद्लागिलचं पाणी फोटोत निळं दिसतं, आम्हाला राखाडी मिळालं. का?

स्टुद्लागिल ही पूर्वेची बेसॉल्टच्या स्तंभांची घळ, आणि तिच्या वरच्या बाजूला काराह्न्युकार धरण आहे. धरण झाल्यावर नदीचं पाणी उतरलं, तेव्हाच हे स्तंभ एवढे उघडे पडले. उन्हाळ्याच्या शेवटी, साधारण ऑगस्टपासून, जलाशय भरून वाहू लागला की हिमनदीचं गढूळ पाणी घळीत येतं. निळं पाणी हवं असेल तर जून-जुलैत जा. खाली स्तंभांपर्यंत उतरायचं असेल तर पूर्वेकडच्या काठाने चालत जावं लागतं, पश्चिमेच्या जिन्यावरून फक्त वरून दिसतं.

ज्वालामुखी फुटलेला असेल तर फोटो काढता येतील का?

रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून वारंवार उद्रेक होत आहेत. १० नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंदाविक हे गावच रिकामं करावं लागलं. कधी वाटा आखून लोकांना जाऊ देतात, कधी सगळा भाग बंद असतो. बंद म्हणजे बंद. खोलगट जागी साचणारा विषारी वायू दिसत नाही. परवानगी नसेल तर दुरून, लांब लेन्सने, रात्रीच्या आकाशावरचा लाल उजेड टिपा.

बर्फाच्या गुहेत स्वतः जाता येईल का?

नाही, फक्त वाटाड्यासोबत आणि तेही थंडीत, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. उन्हाळ्यातल्या ‘गुहा’ सहलींना मी तरी जाणार नाही.

गाडीतच कुठेही झोपलं तर खर्च वाचेल ना?

कॅम्परव्हॅनमध्ये रात्र काढायची तर ती अधिकृत कॅम्पसाइटवरच. पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला झोपता येत नाही. हिवाळ्यात बऱ्याच कॅम्पसाइट बंद असतात, वाऱ्याचं वर आलंच आहे.

गूगल मॅप पूर्वेला जवळचा रस्ता दाखवतो, तो घ्यावा का?

तो बहुधा ओक्सी घाटाचा ९३९ क्रमांकाचा रस्ता. अंतर वाचतं, पण खडी, तीव्र उतार आणि दाट धुकं असतं, हिवाळ्यात तो बंदच असतो. महामार्ग किनाऱ्याने, फ्योर्डांना (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांना) वळसे घालत जातो. तोच घ्या. फोटोही त्याच वाटेवर जास्त आहेत.

वादळामुळे रस्ता बंद झाला आणि विमान दुसऱ्या दिवशी असेल तर?

बंद रस्त्याचा अडसर ओलांडून जायचं नाही, तशा अवस्थेत विमाही लागू होत नाही. यावर उपाय आधीच करायचा असतो. शेवटची रात्र रेक्याविक किंवा केफ्लाविकला ठेवा, हिवाळ्यात शेवटच्या दोन. परतीच्या दिवशी होप्नहून थेट विमानतळ गाठायचा बेत उन्हाळ्यातसुद्धा करू नका. मधल्या मुक्कामांची बुकिंग शक्यतो रद्द करता येण्याजोगी घ्या, आणि अडकलात तर आधी गेस्टहाउसला, मग भाड्याच्या कंपनीला फोन करा. गाडी उशिरा परत मिळणार हे त्यांना वेळेत कळलेलं बरं असतं.